तुमच्या घरच्या मैदानाला दहापैकी किती? (वयस्क आईबाबा आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी जरूर लिहा)

आझादनगरकर

नमस्कार मंडळी. आपापल्या शहरातल्या फुटबॉल मैदानाला तुम्ही दहापैकी किती गुण द्याल, आणि सोबत कोण असताना? मित्रांबरोबर गेलं की सगळीच मैदानं चांगली वाटतात. मी पंचाहत्तरीचे बाबा आणि दहा वर्षांची लेक यांना घेऊन जाते. सामना संपल्यावर त्या दोघांनी "पुढची मॅच कधी?" असं विचारलं तरच माझ्या लेखी ते मैदान पास.

आधी माझं सांगते. आमचं मैदान म्हणजे अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडासंकुलातलं मुंबई फुटबॉल अरेना. इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) आमच्या मुंबई सिटी संघाचे पहिले दोन हंगाम नेरूळला डी. वाय. पाटीलवर झाले, २०१६ पासून संघ अंधेरीत आला. आम्ही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो, तरी २०१८ पर्यंत मी आत पाऊल टाकलं नव्हतं. त्या जूनमध्ये इंटरकॉन्टिनेंटल कपातली भारताची पहिली मॅच जेमतेम अडीच हजार लोकांसमोर झाली. मग भारताचा कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडून "या, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या" अशा अर्थाचं आवाहन केलं. तो व्हिडिओ बाबांनी तीनदा पाहिला आणि उठून कपाटातून पाकीट काढलं. म्हणाले, "तिकिटं काढ."

४ जून. केनियाविरुद्धची मॅच, छेत्रीचा शंभरावा सामना. पाऊस असा कोसळत होता की समोरचा गोलपोस्ट पुसट दिसत होता. आम्ही दोघं डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून बसलो होतो, आणि आजूबाजूला एकही खुर्ची रिकामी नव्हती. मध्यंतराला शून्य-शून्य. नंतर छेत्री, जेजे आणि पुन्हा छेत्री. तिसऱ्या गोलला बाबा उभे राहिले, तेही गुडघ्याला हात न लावता. मी इतक्या वर्षांत ते पाहिलं नव्हतं.

बाबा लालबागचे, गिरणीतले. तरुणपणी पाळी सुटली की चर्चगेटपर्यंत लोकल आणि पुढे कूपरेजच्या फुटबॉल मैदानापर्यंत चालत. मफतलाल, ओर्के, टाटा हे त्यांचे संघ. रोव्हर्स कपाच्या, म्हणजे मुंबईतल्या जुन्या स्पर्धेच्या, आठवणी निघाल्या की जेवण गार होतं. कंपन्यांचे संघ एकेक करून बंद झाले, २०१० मध्ये महिंद्रा युनायटेडही गेली, तेव्हा त्यांनी फुटबॉलबद्दल बोलणंच सोडलं होतं. म्हणून मला या मैदानाचं कौतुक जरा जास्त आहे, हे आधीच सांगून टाकते.

आता गुण. पोचायला नऊ. मेट्रो १ वर अंधेरीनंतरचंच स्टेशन आझादनगर, तिथून पायी काही मिनिटं. साडेसातची मॅच संपल्यावर लेक दुसऱ्या दिवशीच्या शाळेसाठी वेळेत झोपते. रिक्षाने मात्र येऊ नका, जे. पी. रोडवर संध्याकाळी अडकलात तर पहिला गोल गेलाच म्हणून समजा. दिसायला आठ. मैदान लहान, सात-आठ हजारांचं, त्यामुळे खेळाडू जवळ दिसतात. आमचा छांगटे उजवीकडून सुटला की लेक खुर्चीच्या कडेवर येते. आवाजाला सात. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या आमच्या समर्थक गटाची मुलं नव्वद मिनिटं थांबत नाहीत, पण मैदान उघडं असल्यामुळे आवाज वर निघून जातो. तीन बाजूंनी छप्पर असतं तर तेवढेच लोक दुप्पट वाटले असते. खाण्याबद्दल मी बोलत नाही, आम्ही घरून जेवून निघतो.

बाबांसाठी एक गोष्ट अनुभवाने शिकले. घोषणा देणाऱ्यांच्या स्टँडमध्ये तिकीट काढायचं नाही. तिथे सगळे उभे असतात, बाबांना सतत उभं राहता येत नाही आणि मग समोर फक्त पाठी दिसतात. बाजूच्या स्टँडमध्ये, कमी पायऱ्या चढाव्या लागतील अशा रांगेतली कडेची खुर्ची बघायची.

आणि ज्याच्यामुळे हा धागा काढला ते. मागे एकदा आम्ही दुसऱ्या शहरात मॅचला गेलो होतो. मैदानाचं नाव लिहीत नाही. मध्यंतरात लेकीला बाथरूमला नेलं, तर बायकांच्या बाथरूमला कुलूप. चावी कोणाकडे, ते कोणालाच ठाऊक नाही. शेवटी आम्ही बाहेर आलो, रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्याने त्याचं बाथरूम उघडून दिलं, आणि गेटवर पुन्हा आत सोडेनात. दुसरा हाफ आम्ही फुटपाथवर बसून फोनवर पाहिला. लेक रडली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, "आई, आपल्या अंधेरीतच जाऊ या." तेव्हा गुण देताना बायकांच्या बाथरूमबद्दल लिहिल्याशिवाय कोणी उत्तर पाठवू नका, ही हात जोडून विनंती.

फातोर्ड्याचा शेजारी

ताई, फुटपाथवरची मॅच वाचून वाईट वाटलं. आमच्या गोव्यात, मडगावच्या फातोर्ड्याला या. खेळाडू म्हणून नाही, शेजारी म्हणून बोलावतो. मैदान १९८९ सालचं आणि मीही त्याच सालचा. आमच्या गच्चीवरून फ्लडलाइट दिसतात. लहानपणी ते पेटले की आजी म्हणायची, "जा, आज तुझा अभ्यास व्हायचा नाही."

गुण देतो. आवाजाला दहा. दोन मजली स्टँड आहेत, एकोणीस हजारांच्या आसपास माणूस मावतो, आणि पूर्वेच्या खालच्या स्टँडमधून ढोल सुरू झाला की छातीत जाणवतो. बाबांना मात्र तिथे बसवू नका, तुमचंच गणित इथेही लागू. पोचायला दिवसा नऊ, रात्री चार. कदंबचा बसस्टँड जवळ आहे, पण मॅच सुटेपर्यंत गावाकडच्या बसेस बंद झालेल्या असतात. ज्याच्याकडे दुचाकी नाही त्याला ओळखीचा माणूस शोधावा लागतो. खाण्याला दहा, मात्र मैदानाबाहेर. मॅचनंतर मडगावात गाड्यावर रस-ऑम्लेट खाल्ल्याशिवाय घरी गेलो असं एकदाही झालं नाही. बायकांच्या बाथरूमचं बायकोला विचारलं. ती म्हणते सात: मॅचच्या सुरुवातीला चांगलं, मध्यंतराला लांब रांग, त्यामुळे चाळिसाव्या मिनिटाला उठायचं.

पण दहापैकी किती, हे आमच्याकडे मॅच कशी संपली त्यावर ठरत नाही. ठरत असतं तर मी केव्हाच जायचा थांबलो असतो. आमच्या एफसी गोवाची चेन्नईयिनविरुद्धची २०१५ ची आयएसएल फायनल आमच्याच मैदानावर झाली. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेने गोल मारला, आम्ही २-१ ने पुढे. शेजारच्या अनोळखी काकांनी मला मिठी मारली. नव्वदाव्या मिनिटाला आमच्याच गोलीकडून स्वयंगोल, आणि पुढच्या दोन मिनिटांत मेंडोझा. चेन्नईयिन ३-२. त्या काकांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता, काढायचं त्यांना सुचलंच नाही.

पुढचं तर तुम्हाला माहीत असणार, कारण ते तुमच्याच संघाने केलं. २४ एप्रिल २०२४, सेमीफायनलचा पहिला सामना. बोरिस आणि ब्रँडनचे गोल, नव्वद मिनिटांपर्यंत आम्ही २-० ने पुढे. लोक जागेवर नाचत होते. मग छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे. सहा-सात मिनिटांत तीन गोल. असली शांतता मी एकोणीस हजारांच्या मैदानात कधी ऐकली नव्हती. वरच्या कोपऱ्यातली तुमची मूठभर माणसं ओरडत होती, त्यांतला एकेक आवाज वेगळा कळत होता. तरी आमच्या रांगेतलं कोणी उठून गेलं नाही. सगळे बसून राहिले आणि आपल्या पोरांनी मैदानाची फेरी मारली तेव्हा टाळ्या वाजवल्या. मला विचाराल तर त्या टाळ्यांसाठी मी माझ्या मैदानाला दहा देतो.

बालेवाडी चौदा

मला गुण देता येत नाहीत, कारण आमचा संघच राहिला नाही. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९. पहिल्या वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता त्रेझेगे आमच्याकडे खेळला, हे सांगितलं तर ऑफिसातली नवी मुलं विश्वास ठेवत नाहीत. बालेवाडीला मधे धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे खेळाडू लांब, आणि गोलपोस्टमागे बसलं तर पलीकडचा गोल अंदाजानेच साजरा करायचा. तरीही २०१८ च्या मार्चमध्ये बेंगळुरूविरुद्ध सेमीफायनल ०-० सुटली तेव्हा आमच्या मार्सेलिनोच्या प्रत्येक स्पर्शाला आम्ही उठत होतो. दुसरा सामना तिकडे ३-१ ने हरलो, पुढच्या वर्षी संघ हैदराबादला गेला.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई सिटीचा आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना इथे झाला, इराणच्या संघाविरुद्ध. मी गेलो. आपल्याच जुन्या जागेवर बसलो. मुंबई हरली, त्याचं मला ना दुःख ना आनंद. ताई, तुमच्या लेकीला तिचा संघ चालत जाण्याच्या अंतरावर आहे, याचे चार गुण वेगळे द्या.

तालमीचा पोरगा

आमचं कोल्हापूर व्यावसायिक लीगमध्ये नाही, तरी लिहितो, कारण फुटबॉलचं मैदान म्हटलं की आम्हाला राजर्षी शाहू स्टेडियमच आठवतं. हितं संघ म्हणजे पेठ आणि तालीम. पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. ज्या गल्लीत जन्मलात तो तुमचा संघ, त्यात निवड नसते. मॅच दिवसाउजेडी. पाटाकडील-प्रॅक्टिस असली की दुकानदार शटर अर्धं ओढून येतात. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव आमच्याच मातीतला.

आवाजाला दहा काय, बारा द्या. बसायला दगडी पायऱ्या, उन्हानं तापलेल्या, तेव्हा काकांसाठी उशी आणि टोपी आणा. पण ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर दोन. माझी बहीण माझ्यापेक्षा चांगला खेळ ओळखते. ऑफसाइड रेफ्रीच्या आधी सांगते. ती घरातनं फोनवर बघते. कारण विचारलं तर म्हणाली, "गर्दीत भांडण लागलं की मी कुठं जाऊ, ते आधी सांग." मला उत्तर देता आलं नाही. आता यंदा आम्ही चार-पाच जण आपापल्या घरच्या बायकांना घेऊन एकत्र बसायचं ठरवलंय, बाहेर पडायच्या वाटेजवळ. कसं जमतंय ते कळवतो.

आझादनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तालमीचा पोरगा, तुमच्या बहिणीला सांगा, पहिल्या मॅचचं तिने स्वतः इथे लिहावं. तिचे गुण मला तुमच्या गुणांपेक्षा जास्त हवेत.

बालेवाडी चौदा, तुमचा निरोप लेकीला वाचून दाखवला. तिने विचारलं, "मग ते काका आता कोणाच्या मॅचला जातात?" अंधेरीला या. आधी कळवलंत तर मी तिकीट काढून ठेवते.

फातोर्ड्याच्या शेजाऱ्यांना काय लिहावं ते कळत नाही. त्या एप्रिलच्या रात्री आम्ही तिघं घरी टीव्हीसमोर ओरडत होतो. बाबा मात्र तिसऱ्या गोलनंतर गप्प झाले. कॅमेरा तुमच्या प्रेक्षकांवर गेला होता, तेव्हा म्हणाले, "बघ, कोणी उठत नाहीये. कूपरेजला असंच असायचं." पाच दिवसांनी अंधेरीत आम्ही २-० ने जिंकलो, मग आमचा कर्णधार राहुल भेकेने आयएसएलचा कप उचलला, आपल्या मुंबईच्याच मुलाने, तेव्हा घरात पेढे आले. पण बाबा अजून त्या बसून राहिलेल्या लोकांबद्दलच बोलतात.

तुमचं उत्तर त्यांना काल रात्री वाचून दाखवलं. आता ते फातोर्ड्याला यायचं म्हणतायत. कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच सुटते, म्हणजे मॅच बघून त्याच रात्री परतता येणार नाही, मुक्काम करून सकाळची मांडवी घ्यावी लागेल. एवढंच सांगा: मैदानाजवळ, फार पायऱ्या नसलेली, तळमजल्याची खोली मिळेल अशी साधी जागा आहे का? आणि पश्चिमेच्या बाजूला कडेच्या खुर्च्या तिकीट काढताना निवडता येतात की गेल्यावर ज्या मिळतील त्या?