मदत हवी आहे: मिनियापोलिसमध्ये आईसाठी नवी मराठी पुस्तकं

नमस्कार मंडळी. थंडीला जरा उतार पडलाय, पारा शून्याच्या वर आहे आणि वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळे टपटप गळतायत. महिनाभर घरात कोंडलेली आई (वय ७२) आता वाचनालयापर्यंत चालत जाऊ शकते. तिला वाचायला काहीतरी नवं हवंय.

कॅटलॉगमध्ये देवनागरीत शोधलं, फारसं हाती लागलं नाही. मग कळलं की मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत असतात आणि 'च'साठी 'सीएच' नाही, नुसता 'सी' लिहितात. तसं शोधल्यावर एमएनलिंकवर (मिनेसोटातल्या ग्रंथालयांची पुस्तकं एकत्र शोधायची आणि मागवायची सोय) मिनेसोटा विद्यापीठाच्या एम्स या दक्षिण आशियाविषयक ग्रंथालयातली कितीतरी पुस्तकं दिसली, इतका आनंद झाला! पण मी निवडलेली सगळी तिने साताऱ्यातच वाचून संपवली आहेत.

ई-पुस्तक नको, तिचे डोळे दुखतात. इंग्रजी वाचत नाही. ललित आणि प्रवासवर्णन मनापासून आवडतं, रहस्यकथा अजिबात नाही. मार्चअखेर ती परत जाणार, त्यामुळे मागणी याच आठवड्यात नोंदवायची आहे.

२०१५ नंतर आलेली, ठसठशीत टाइपातली कोणती पुस्तकं मागवू? आणि लेखकाचं नाव रोमनमध्ये नेमकं कसं लिहून शोधू?