सोसायटी ग्रुप : मागच्या कुंपणाची झाडं

बी-३०४ : सचिव, गेटवर टेम्पोतून कोनोकार्पस झाडाची ४० रोपं उतरताहेत. सभेत काय ठरलं होतं? मागची भिंत ड्रेनेज लाइनपासून जेमतेम ४ फूट. याची मुळं ओल शोधत पाइपच्या सांध्यात शिरतात. गुजरातने २०२३ मध्ये वनखात्याच्या लागवडीत याला बंदी घातली.

सचिव : ताई, माळ्याने परस्पर मागवलेत, परत पाठवतो. पण आडोसा हवाच ना?

ए-२०२ : आधी जुने ११ कोनोकार्पस तोडा.

सी-१०१ : काका, असं तोडता येत नाही. १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाडाचं वय जितकं, तितकी झाडं लावायची, तीही ६ ते ८ फुटी.

ए-२०२ : चेंबर तुंबलं की भोगतो तळमजला. आधी जुने ११ तोडा.

बी-५०१ : त्या चेंबरवर तुमचीच दुसरी गाडी असते, म्हणून साफ करता येत नाही.

सचिव : पार्किंग इथे नको, प्लीज.

बी-३०४ : आडोशाला अडुळसा लावा. ६० फूट भिंतीला दीड फुटावर एक, म्हणजे ४० रोपं. चर फूटभर रुंद, दीड फूट खोल. तळाचा मुरूम पहारीने फोडायचाच, नाहीतर पावसाचं पाणी साचून मुळं कुजतात. निघालेला मुरूम परत भरू नका. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत. पिशवी कापून काढा, तळाशी गुंडाळलेली मुळं छाटा. शेंडे वीतभर झाल्यावर खुडले तरच खालून दाट होतो.

डी-४०३ : करवंद लावा की, मुलं खातील 😀

बी-३०४ : काटे आहेत हो. खेळायच्या बाजूला नको.

सी-१०१ : ताम्हणाचं झाड पोडियमवर (पार्किंगवरच्या स्लॅबवर) नको, तिथे २ फूटच माती आहे. आपलं राज्यफूल आहे, पुढच्या मोकळ्या जमिनीत ३ फुटी खड्डा करून लावू. आणि लिंबूच्या झाडावरच्या अळ्यांवर फवारणी थांबवा, त्यातच ब्लू मॉर्मनच्याही असतात. राज्य फुलपाखरू आहे ते.

ए-२०२ : जुन्या ११ चं काय?

सचिव : काका, अर्ज करतोय. उद्या ८ वाजता टेप घेऊन या. जमिनीपासून साडेचार फुटांवर प्रत्येक बुंध्याचा घेर मोजून फोटो काढू.

बी-५०१ : गाडी काढून ठेवा म्हणजे झालं.

बी-३०४ : टेम्पो अजून गेटवरच आहे.