साड्यांच्या छोट्या वेबसाईटवर कुकीचं बॅनर लावावंच लागतं का? एजन्सी सर्टिफिकेट घ्या म्हणतेय

राजवाडा_साडीवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमचं राजवाड्याजवळ साड्यांचं दुकान आहे, माल मुख्यतः माहेश्वरी, साड्या दुपट्टे ड्रेस मटेरियल वगैरे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि मिस्टर बघतो. लॉकडाऊननंतर वर्डप्रेसवर वूकॉमर्स (ऑनलाईन दुकानाचं सॉफ्टवेअर) टाकून वेबसाईट केली, पुतण्याच्या मित्राने बनवून दिली, आणि ऑर्डरी बऱ्यापैकी येतात, जास्त करून पुणे मुंबई नागपूरच्या, पण आपली इंदूरची जी मराठी मंडळी जर्मनी, लंडन, अमेरिकेत जाऊन राहिली आहेत ती पण मागवतात, दिवाळी पाडव्याच्या आधी तर हमखास, म्हणून साईटवर पाउंड, युरो, डॉलरमध्ये भाव दिसायची सोय पण करून घेतलीये.

आता झालंय असं की एका एजन्सीकडून सारखे फोन येतायत, तुमच्या साईटवर कुकी कन्सेंट नाहीये (म्हणजे साईट बघणाऱ्याच्या मोबाईल किंवा कम्प्युटरवर जी छोटी नोंद ठेवते तिची परवानगी), नवीन डेटा कायद्यात २५० कोटी दंड आहे, आमच्याकडून कुकीचं सर्टिफिकेट घ्या आणि दरवर्षी रिन्यू करा. मिस्टर म्हणतात देऊन टाकू पैसे, डोक्याला ताप नको. मला ते पटत नाहीये पण २५० कोटी ऐकून पोटात गोळा येतोच ना. आमची वर्षाची उलाढाल त्याच्या जवळपास कुठेच नाही.

तर विचारायचं हे की भारतातल्या छोट्या दुकानाला हे बॅनर लावायलाच लागतं का, परदेशातल्या गिऱ्हाईकांमुळे काही फरक पडतो का, आणि हे सर्टिफिकेट खरंच असतं का. साईटवर गूगल ॲनालिटिक्स आहे (कोणी काय बघितलं ते मोजणारं), फेसबुकचं पिक्सेल आहे (फेसबुकच्या जाहिरातींसाठी बघणाऱ्यांचा माग ठेवणारा कोड), विणकरांचा एक यूट्यूब व्हिडिओ आहे आणि व्हॉट्सॲपचं बटण. कोणी जाणकार असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

विजयनगर_डेव्हलपर (इंदूर)

ताई पहिली गोष्ट, त्या एजन्सीला एक रुपया देऊ नका. आपल्या डीपीडीपी कायद्यात, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा जो नवीन भारतीय कायदा आहे त्यात, वेबसाईटने कुकीचं सर्टिफिकेट घ्यायचं अशी काही तरतूदच नाही. आणि २५० कोटी हा आकडा कायद्यात आहे हे खरं, पण ती वरची मर्यादा आहे आणि ती लोकांचा डेटा नीट सांभाळला नाही, सुरक्षेची काळजी घेतली नाही आणि तो फुटला त्याच्यासाठी आहे, बॅनर नाही म्हणून नाही. शिवाय दंड ठरवताना चूक किती गंभीर, किती दिवस चालली, परत परत केली का, नंतर सुधारायला काय केलं, हे सगळं डेटा संरक्षण बोर्डाने बघायचं असं कायद्यातच लिहिलंय. त्यामुळे घाबरवून विकणाऱ्यांचं ऐकू नका.

पण "आपल्याला काही लागूच नाही" असं पण नाहीये, आणि ते तुमच्या त्या युरोच्या भावांमुळे. युरोपात कुकीबद्दल दोन कायदे एकत्र चालतात. एक ई-प्रायव्हसी डायरेक्टिव्ह, २००२ चा, त्यात २००९ मध्ये बदल झाला, तो म्हणतो की माणसाच्या मोबाईल किंवा कम्प्युटरवर काही साठवायचं किंवा तिथलं वाचायचं तर आधी परवानगी घ्या, फक्त जे सेवेसाठी अगदी गरजेचं आहे ते सोडून. दुसरा जीडीपीआर, म्हणजे युरोपचा वैयक्तिक डेटाचा कायदा, २५ मे २०१८ पासून लागू, त्यात परवानगी कशाला म्हणायचं ते ठरवलंय. आणि जीडीपीआर भारतात बसलेल्या दुकानाला पण लागू होतो जर तुम्ही युरोपातल्या लोकांना माल विकायचा प्रयत्न करत असाल तर. नुसती साईट तिकडून उघडते एवढ्यावर नाही, पण युरोत भाव, तिकडची डिलिव्हरी, हे सगळं असलं की तुम्ही त्यांना विकताय हे उघड आहे. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडला तरी नियम साधारण तसेच ठेवलेत. अमेरिकेचं टेन्शन सोडा, कॅलिफोर्नियाचा कायदा साधारण २.६६ कोटी डॉलरच्या वर उलाढाल किंवा लाखभर लोकांचा डेटा असल्या मोठ्यांसाठी आहे.

आता सगळ्या कुकी सारख्या नसतात, हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. गिऱ्हाईकाने बाजूला काढायला सांगितलेल्या साड्या तुम्ही लक्षात ठेवता ते वेगळं, आणि तो दुकानाबाहेर पडल्यावर त्याच्यामागे माणूस पाठवून तो अजून कुठे कुठे जातो ते बघणं वेगळं. वूकॉमर्सच्या कार्टच्या कुकी, लॉगिनच्या कुकी, या पहिल्या प्रकारातल्या, यांना परवानगी लागत नाही, फक्त प्रायव्हसी पॉलिसीत सांगायचं. ॲनालिटिक्सची कुकी साधारण २ वर्षं राहते, फेसबुक पिक्सेलची ९० दिवस, यांना परवानगी लागते, आणि ती कुकी पडायच्या आधी.

सियागंज_होलसेल (इंदूर)

माझं मत वेगळं आहे. एवढा किस पाडायची गरज नाही. जर्मनीचं सरकार इंदूरच्या साडीवाल्याला शोधत येणारे का? एक फुकटचं प्लगइन (साईटला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका, खाली पट्टी येते "आम्ही कुकी वापरतो, ओके", झालं काम. बाजारात सगळे हेच करतात. छोट्या माणसाने धंदा करायचा का युरोपचे कायदे वाचत बसायचं, आधीच जीएसटीची रिटर्नं भरून जीव जातो.

विजयनगर_डेव्हलपर (इंदूर)

काका वेळेचं तुमचं म्हणणं अगदी मान्य, पण ती "ओके" वाली पट्टी म्हणजे काहीच न केल्यासारखं आहे, उलट गिऱ्हाईकाला वाटतं की आपल्याला विचारलंय आणि मागे सगळं आधीच सुरू झालेलं असतं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कायदा बाजूला ठेवला तरी.

आणि कोणी बघत नाही असं नाहीये. १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपच्या कोर्टाने जर्मनीतल्या एका ऑनलाईन लॉटरीच्या केसमध्ये, प्लॅनेट४९ नाव होतं तिचं, सांगितलं की आधीपासून टिक केलेली चौकट म्हणजे परवानगी नाही, माणसाने स्वतः करायला पाहिजे, आणि कुकी किती दिवस राहणार, अजून कोणाला दिसणार हे पण सांगायला पाहिजे. मग जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या डेटा नियामकाने गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला, का तर "हो" एका क्लिकवर आणि "नाही" म्हणायला चार ठिकाणी फिरवत होते. हे मोठे झाले, तुम्ही म्हणाल आपलं काय. पण त्याच महिन्यात म्युनिकच्या कोर्टाने एका साध्या वेबसाईटवाल्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली कारण त्याच्या साईटवर गूगलचे फॉन्ट थेट गूगलच्या सर्व्हरवरून लोड होत होते आणि बघणाऱ्याचा आयपी पत्ता तिकडे जात होता. त्याच्यानंतर तिकडच्या छोट्या छोट्या दुकानदारांना, फोटोग्राफरना, हॉटेलवाल्यांना वकिलांच्या पत्रांचा नुसता पाऊस पडला. तुम्हाला कोणी इंदूरला येऊन पकडेल असं मी म्हणत नाही, पण आपलंच गिऱ्हाईक तक्रार करू शकतं.

अजून एक, गूगलच मार्च २०२४ पासून युरोपातल्या लोकांसाठी जाहिराती आणि रीमार्केटिंग (साईट बघून गेलेल्यांना परत जाहिरात दाखवणं) करणाऱ्यांकडून परवानगीचा सिग्नल मागतं, ज्याला कन्सेंट मोड म्हणतात. तो नसेल तर तिकडच्या लोकांपुरतं रीमार्केटिंग चालत नाही. म्हणजे कायदा नाही मानला तरी ज्याला जाहिरात करायची त्याला करावंच लागतं.

दांडियाबाजार_हिशोब (बडोदा)

मी बडोद्याला छोट्या फर्मांचे अकाउंट्स आणि कंप्लायन्स बघतो, त्यामुळे आपल्या भारतातल्या बाजूबद्दल थोडं सांगतो कारण वर ते राहिलंय.

डीपीडीपी कायदा २०२३ चा, ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि तेही टप्प्याटप्प्याने, बोर्डाची रचना लगेच, आणि आपल्यासारख्यांना ज्या मुख्य जबाबदाऱ्या आहेत, नोटीस, परवानगी, सुरक्षा, त्यांना १८ महिने, म्हणजे मे २०२७. तर वेळ आहे पण फार नाही. कायद्यात कुकी हा शब्द कुठेही नाही. पण कुकीच्या नंबरवरून माणूस ओळखता येत असेल, आणि तुमच्याकडे तर ऑर्डर केलेल्याचं नाव पत्ता फोन सगळं जोडलेलं असतं, तर तो वैयक्तिक डेटा झाला. उलाढाल कमी म्हणून आपोआप सूट असं काही नाही, कोणाला सूट द्यायची ते सरकार अधिसूचना काढून ठरवणार.

परवानगी कशी पाहिजे तर मोकळ्या मनाने दिलेली, कशासाठी ते सांगून, अट न घालता, आणि माणसाने स्वतः काहीतरी करून दिलेली. म्हणजे "साईट बघत राहिलात म्हणजे मान्य" हे इथेही चालणार नाही. आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला पाहिजे. मला या कायद्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी माणसाला हवी त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. त्यात मराठी आहे, गुजराती आहे, हिंदी आहे. ताई तुमचं गिऱ्हाईक बहुतेक मराठी आहे ना, मग मराठीतच साध्या चार ओळी लिहा, आमच्याकडे कोणती माहिती येते, कशासाठी, कोणाला जाते, नको असेल तर कुठे सांगायचं. इंग्रजी पॉलिसी कुठून तरी कॉपी करून टाकतात तिच्यात बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलेलं मी बघितलंय, ते करू नका.

१८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं आणि त्यांना टार्गेट करून जाहिरात दाखवणं या कायद्यात मना आहे. साड्यांना ते एवढं लागणार नाही पण खेळण्यांवाले, क्लासवाले कोणी वाचत असाल तर लक्षात ठेवा. आणि प्लगइनवाल्याने चूक केली असं सांगून सुटता येत नाही, जबाबदारी दुकानाचीच राहते.

राजवाडा_साडीवाली (इंदूर)

बापरे, किती नीट समजावलंत, खूप खूप आभार सगळ्यांचे. एजन्सीला मिस्टरांनी आजच नाही सांगितलं. पण आता मला सांगा सुरुवात कुठून करू, मला कोडिंग येत नाही आणि तो पुतण्याचा मित्र बेंगलोरला गेलाय, फोनवर सांगितलं तर करून देईल.

विजयनगर_डेव्हलपर (इंदूर)

बॅनर आत्ता विसरा. आधी साईटवर काय काय चालू आहे ते बघा, कारण जे नकोच आहे ते काढून टाकलं तर त्याच्यासाठी परवानगी मागायची पण गरज नाही.

क्रोममध्ये इन्कॉग्निटो विंडो उघडा, साईट उघडा, काहीही दाबू नका, मग एफ १२ दाबून वरती ॲप्लिकेशन नावाचा टॅब आहे त्यात डावीकडे कुकीज. तिथे नावं दिसतील. वूकॉमर्स असं लिहिलेल्या असतील त्या ठीक. जीए (_ga) आणि एफबीपी (_fbp) अशी नावं दिसली म्हणजे ॲनालिटिक्स आणि पिक्सेल विचारायच्या आधीच सुरू झालेत. बॅनर लावल्यावर हीच तपासणी परत करायची, एकदा काही न दाबता आणि एकदा "नको" दाबून, दोन्ही वेळेला ती नावं दिसायला नकोत. बहुतेक फुकट प्लगइन इथेच नापास होतात, पट्टी दाखवतात पण स्क्रिप्ट थांबवत नाहीत.

मग एकेक बघा. तुम्ही फेसबुकवर पैसे देऊन जाहिरात करता का? नसाल करत तर पिक्सेल काढा, सरळ काढा, तो तुमच्या काही कामाचा नाही. ॲनालिटिक्स तुम्ही खरंच उघडून बघता का, कोणती साडी जास्त बघितली गेली वगैरे? बघत असाल तर ठेवा पण परवानगीनंतरच सुरू होईल असं. यूट्यूब व्हिडिओ टाकताना एम्बेडमध्ये प्रायव्हसी एन्हान्स्ड मोडचा टिक असतो तो लावा, किंवा त्याहून बरं म्हणजे विणकरांचा फोटो लावून त्यावर यूट्यूबची लिंक द्या, साईट पण पटकन उघडेल. व्हॉट्सॲपचं बटण जर साधी लिंक असेल तर ते कुकी टाकत नाही, पण चॅटचं वेगळं विजेट टाकलं असेल तर तपासा. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवायला सांगा त्या मुलाला, फार वेळ नाही लागत.

एवढं करून ॲनालिटिक्स उरलं तर बॅनर लागेल. त्यात "चालेल" आणि "नको" दोन्ही बटणं पहिल्याच स्क्रीनवर, सारख्या आकाराची सारख्या रंगाची. "नको" म्हणणाऱ्याला साड्या बघता आल्या पाहिजेत, ऑर्डर करता आली पाहिजे. खाली फूटरमध्ये "कुकी सेटिंग" अशी लिंक, मत बदललं तर. आणि कोणी कधी काय निवडलं याची नोंद प्लगइनमध्ये राहू द्या, कारण परवानगी होती हे दाखवायची जबाबदारी दुकानदाराची असते. बॅनर फक्त युरोपातल्यांना दाखवायची पण सोय असते, पण २०२७ ला आपल्याकडे पण लागणारच आहे तर सगळ्यांना एकच दाखवा असं माझं मत.

सियागंज_होलसेल (इंदूर)

पिक्सेल काढायचं हे पटलं. आमच्या साईटवर पण असेल, मुलाला सांगतो बघायला. नको असलेलं काढलं तर मेहनत पण कमी, हे आधी सांगितलं असतंत तर मी वाद नसता घातला.

राजवाडा_साडीवाली (इंदूर)

बघितलं, जीए आणि एफबीपी दोन्ही आहेत. फेसबुकवर पैसे देऊन जाहिरात आम्ही करतच नाही, म्हणजे पिक्सेल उगाचच चालू होतं, ते काढायला सांगितलंय. ॲनालिटिक्स मी बघते, कोणत्या रंगाला मागणी आहे ते कळतं, ते परवानगीनंतर चालू होईल असं करतोय.

अजून एक विचारते, विषय थोडा वेगळा आहे. ऑर्डर करताना लोक मोबाईल नंबर देतात, तेच नंबर आम्ही व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टला घालून नवीन मालाचे फोटो पाठवतो. हे पण यात येतं का?

दांडियाबाजार_हिशोब (बडोदा)

येतं ताई. नंबर डिलिव्हरीसाठी दिलाय, तेवढ्यासाठी वापरायला हरकत नाही, कुरियरवाल्याला देणं, पार्सल निघालं कळवणं. ऑफरचे मेसेज हे वेगळं काम, त्याला वेगळी परवानगी. चेकआउटवर एक रिकामी चौकट ठेवा, "नवीन मालाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा", आधी टिक केलेली नको, आणि टिक न करता ऑर्डर पुढे जायला हवी. ज्यांचे नंबर आधीपासून यादीत आहेत त्यांना आत्ताच एक मराठीत मेसेज करून विचारून घ्या, फोटो हवेत तर "हो" लिहा म्हणावं. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांना यादीतून काढा. दिवाळीच्या आधी करा म्हणजे गडबडीत राहून जाणार नाही.