मदत हवी आहे: एकाच देवीच्या दोन जन्मकथा झाल्यात, आता काय करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण दर रविवारी रात्री ऑनलाइन डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, आपापलं पात्र घेऊन मिळून गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो. जग आमचंच, सगळ्यांनी मिळून रचलेलं. नकाशा, राजघराणी, बाजारपेठा सगळं एका गूगल डॉकमध्ये सुखाने नांदतंय. घोळ झालाय तो देवाधर्माचा.

घाटाखाली मिठागरांचं एक बंदर आहे. तिथली देवी खाराई. मी लिहिलं, की कोळ्याच्या जाळ्यात लागोपाठ तीनदा तोच दगड आला, शेवटी त्याने तो घरी नेऊन पुजला. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीने, माझं पान न उघडताच, घाटावरच्या धनगरांसाठी लिहिलं: गाय रोज एका वारुळावर पान्हा सोडायची, गुराख्याने तिथे कुदळ घातली तर आतल्या दगडातून रक्त आलं. तीच खाराई! दोन्ही कथांवर खेळ होऊन गेलेत, त्यामुळे आता खोडायची सोय नाही.

मला स्वतःला दोन्ही राहू द्याव्यात असं वाटतं. जेजुरीला म्हाळसा खंडोबाशेजारी गडावर, बाणाईचं देऊळ मात्र अर्ध्या वाटेवर. एक वाण्याची लेक, दुसरी धनगराची. दोघींची भांडणं जागरणात अजून रंगतात. इतिहासकार दा. ध. कोसंबी म्हणायचे, की दोन समाज एकत्र आले की त्यांच्या देवांची लग्नं लागतात. आमच्याकडेही मीठ वर चढतं, लोकर खाली उतरते; त्या वाटेवर देवीला दोन माहेरं झाली तर बिघडलं कुठे?

पण आमचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, अडून बसलाय आणि त्याचंही चूक नाही. जेजुरीत खंडोबाला कोणी उलटतपासणीला उभं करत नाही. इथे पुजाऱ्याने मंत्र म्हटला की जखम खरोखर भरते. त्यात आमची क्लेरिक (पुजारणीचं पात्र) आता नवव्या लेव्हलला पोचली, म्हणजे तिला 'कम्यून' हा मंत्र मिळाला: देवाला थेट तीन प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. पहिला प्रश्न काय असणार हे तिने आत्ताच सांगून ठेवलंय: "आई, तू समुद्रातून आलीस का?"

नियमात एक फट दिसते. जे देवालाही ठाऊक नाही त्याला 'अस्पष्ट' असं उत्तर देता येतं. मग खाराईला स्वतःचा जन्मच आठवत नाही असं केलं तर? तान्ह्या पोराला कुठे आठवतो! डीएमला ही पळवाट वाटते. मला मात्र त्यातून पुढची चार-सहा सेशन्स दिसतायत.

कोणी असा प्रसंग खेळवलाय का? टेबलावरच्यांना फसवल्यासारखं वाटलं का? आणि दोन बहिणी, एकच नाव, असला तोडगा कृपया सुचवू नका. तो सुचवून झालाय आणि त्यावर भांडूनही झालंय.

रविवारच्या आत उत्तर मिळालं तर बरं होईल.