केबलचा भाव कमी करायचा आहे, पण केबलवाला गावातलाच. बोलायचं कसं?

आर्णीची सून:
नमस्कार. आमची पाच एकर कोरडवाहू. कपाशी, तूर नि थोडं सोयाबीन. महिन्याचा पगार घरात कोणालाच नाही, म्हणून मी किराण्याच्या वहीतच सगळा खर्च मांडते. परवा बेरीज केली, तर केबलचे 350 आणि तीन मोबाईलची रिचार्जं मिळून महिन्याला हजाराच्या वर जातात. तेवढ्यात तेल-साखर होते.

केबल पाहतात फक्त सासूबाई. सकाळी कीर्तन, संध्याकाळी साडेसातची मालिका. पावसाळ्यात तार तुटली की चार-चार दिवस पडदा निळा, पैसे मात्र पूर्ण. मागच्या आठवड्यात केबलवाल्या भाऊजींना म्हटलं, थोडं कमी करा. ते म्हणाले, "वैनी, सगळ्या गावाले एकच भाव हाय. तुमाले कमी केला त बाकीचे मले धरतीन." त्यांच्याशी वाकडं घेता येत नाही, आमचं सोयाबीन त्यांच्याच मशीनवर निघते. 2019 मध्ये बॉक्सचे 1200 दिले, त्याची पावतीही नाही. बंद केलं तर बॉक्स परत मागतील का? आणि बंद न करता भाव उतरवायचा असेल, तर म्हणायचं काय?

धामणगावकर:
ताई, आम्ही डीडी फ्री डिश बसवली. महिन्याचं भाडं नाही. छत्री, बॉक्स नि बसवणाऱ्याची मजुरी धरून 1800 गेले. छत्रीचं तोंड आग्नेयेकडे लागते. आमच्या अंगणातला कडुनिंब आडवा येत होता, म्हणून छत्री गोठ्याच्या टिनावर न्यावी लागली. पाऊस जोराचा आला की चित्र जाते. सह्याद्री दिसते, पण पैशाचे चॅनेल त्यावर नसतात. आईंची साडेसातची मालिका लागते का, ते आधी कोणाच्या घरी बसून पाहा. नाहीतर त्यांचा जीव तिकडेच राहीन.

जुना केबलवाला, पुसद:
मी बारा वर्षं केबल चालवली, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. पैशाच्या चॅनेलचा भाव तुमचे भाऊजी ठरवत नाहीत, तो वरून येतो. बिलात तीन गोष्टी असतात: नेटवर्कची फी, म्हणजे घरापर्यंत चॅनेल पोचवायचे महिन्याचे पैसे, निवडलेल्या चॅनेलचे पैसे, आणि वर 18 टक्के जीएसटी. 1 फेब्रुवारी 2019 पासून चॅनेल एकेक करून निवडता येतो, पण गावात सगळ्यांना एकच मोठा पॅक टाकून देतात, कारण वसुली सोपी जाते. तुमचे पैसे तिथंच जातात. फीवर तेव्हा 130 ची मर्यादा होती, जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. ती मर्यादा ट्रायने, म्हणजे केबल नि मोबाईल कंपन्यांना नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, 2024 मध्ये काढली, म्हणून जुन्या आकड्यावरून भांडू नका.

भाव कमी करा म्हणू नका, माझा पॅक बदला म्हणा. मग गावाचा भाव तसाच राहतो, त्यांना कोणी धरत नाही. पाहायचे चॅनेल कागदावर लिहून न्या. बॉक्स विकत दिला की भाड्यानं, तेही विचारा, आणि विकत असेल तर बॉक्सखालचा नंबर टाकून लिहून घ्या.

मोबाईलचंही पाहा. 28 दिवसांचं रिचार्ज म्हणजे वर्षात 13 वेळा पैसे. 30 दिवसांचा प्लॅन ठेवणं कंपन्यांना 2022 पासून बंधनकारक आहे. आईंचा फोन बटनाचा असेल तर नेटचे पैसे कायले भरता? नुसतं बोलणं नि एसएमएसचं रिचार्ज द्यायचा आदेश ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये काढला आहे. दुकानदार आपणहून सांगत नाही, मागावं लागते.

आर्णीची सून:
दादा, तुमचं वाचून रात्री सासूबाईंजवळ बसले. एकेक चॅनेल लावून विचारलं, आई, हा पाहता का? त्या पाहतात असे पैशाचे चारच निघाले. कागद घेऊन भाऊजींकडे गेले, पॅक बदला म्हटलं. त्यांनी मोबाईलवर हिशेब केला: फी 130, चॅनेलचे 48, जीएसटी 32. म्हणजे 210. "हे त आधीच सांगाचं होतं नं वैनी," म्हणाले. महिन्याचे 140 वाचले. बॉक्स आमचाच आहे, तसं वहीत नंबरासकट लिहून सही केली.

सासूबाईंचा फोन बटनाचाच आहे. त्याचं बिननेटचं रिचार्ज सोमवारी बाजाराला गेले की मागते.

तार तुटल्याचे दिवस वजा करायला मात्र भाऊजी कबूल होत नाहीत. कोणी ते कापून घेतले असतील तर सांगा, पाऊस तोंडावर आला आहे.