चहा-चपाती सोडायची आहे, पण सकाळी दुसरं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ३८, राहायला कळवा, नोकरी महापेला. महिन्यापूर्वी ठाणे स्टेशनचा जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.१. बाईमाणसाचं निदान १२ हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, चहा किती वेळा? मी म्हटलं, दोन-तीनदा.

मग एक दिवस खरंच मोजला. डबे करताना, चपातीबरोबर, ऑफिसात पोचल्यावर, अकराला टपरीवर कटिंग, जेवल्यावर, चारला, आणि घरी आल्या आल्या सासूबाई ठेवतात तो. सात! चपातीबरोबरचा आणि जेवणानंतरचा मी आजवर धरतच नव्हते. तो जेवणातलाच वाटायचा. माहेरीही हेच, चहा-चपाती खाऊनच शाळेत गेलो.

डॉक्टर म्हणाल्या, चहातल्या टॅनिनमुळे पालेभाजी, डाळ, बाजरी यांतलं लोह नीट अंगी लागत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको असंच आहे. (पाळीत अंगावरून जास्त जातं, त्याच्याही तपासण्या चालू आहेत. सगळा दोष चहाचा नाही.) गोळी आता लिंबूपाण्याबरोबर घेते. चहा एकदम बंद केला तर दुसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकलं की सुट्टी घ्यावी लागली. म्हणून एकेक कप कमी करत पाचावर आले आहे.

माझं मी निभावून नेईन. काळजी लेकीची आहे. ती १४ वर्षांची, पाळी सुरू झालेली, आणि तीही रोज चहा-चपाती खाऊनच बाहेर पडते. नवऱ्याचं म्हणणं, "सगळ्यांच्याच घरी असतं, त्यात काय एवढं?" सासूबाईंना दातांमुळे चहात बुडवलेली चपातीच चावते, त्यांना कुठल्या तोंडाने बंद करा म्हणून सांगू?

तर विचारायचं हे:

तुमच्याकडे कुणी चपातीबरोबरचा चहा खरंच सोडलाय का? सकाळी दहा मिनिटांत होईल, लेक खाईल आणि सासूबाईंनाही चावेल असं काय करता? पोहे-उपमा रोज जमत नाही. नाचणीची आंबील करून पाहिली, सासूबाईंना आवडली, लेकीने तोंड फिरवलं. आणि तिचंही रक्त आताच तपासून घेऊ का? तिला धाप वगैरे काही नाही, पण दुपारी शाळेतून आली की झोपूनच राहते.