हीटिंगचं प्रेशर सारखं उतरतंय, गळती थांबवणारं कोणतं लिक्विड घ्यावं?

गारठलेला
घरातल्या सेंट्रल हीटिंगचं प्रेशर टिकत नाहीये. पाणी भरलं की थोडे दिवस बरं चालतं, मग काटा खाली येतो आणि बॉयलर बंद पडतो. एका रेडिएटरच्या व्हॉल्व्हपाशी थेंब दिसतो, खाली वाटी ठेवली आहे. सिस्टिममध्ये ओतायचं सीलंट मिळतं असं कळलं. त्यातलं कोणतं चांगलं? प्लंबर बोलवा हे कृपया सांगू नका, त्याला लवकर वेळ नाही. घरात लहान मूल आहे, जरा घाई आहे.

पाना_पक्कड
थेंब नक्की कुठून येतोय? व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतून, व्हॉल्व्ह आणि रेडिएटर जोडणाऱ्या मोठ्या नटातून, की खाली पाइप शिरतो तिथून? तिन्हींचा इलाज वेगळा. सगळं कोरडं पुसून तीन जागी टिश्यू गुंडाळा आणि पहिला कोणता ओला होतो ते बघा. हे हीटिंग बंद असताना करा. गरम असताना थेंब जागीच सुकतो, शिवाय धातू फुगून बारीक फट मिटते.

मोजूनमापून
धाग्यात एकही आकडा नाही. थंड असताना काटा कितीवर आणि पूर्ण तापल्यावर कितीवर? प्रेशरचा काटा आहे म्हणजे बंद सिस्टिम असणार, माळ्यावर टाकी नसणार, असं मी धरून चाललोय.

सोपा_उपाय
एवढी चौकशी कशाला? सीलंट ओता आणि मोकळे व्हा. मी ओतलं होतं, अख्खा हिवाळा काही झालं नाही.

पाना_पक्कड
@सोपा_उपाय, आणि पुढच्या हिवाळ्यात? बरीचशी सीलंट बाहेरची हवा लागली की घट्ट होतात. तशी हवा आपोआप हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हपाशीही असते, म्हणजे तोच आधी चिकटायचा. झिरपणाऱ्या नटासाठी सगळी सिस्टिम कशाला पणाला लावायची? शिवाय बॉयलरच्या वॉरंटीत सीलंटबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचावं.

सोपा_उपाय
तुम्हाला पाने फिरवायची हौस आहे, सगळ्यांना नसते.

गारठलेला
गळतंय ते डोळ्यांना दिसतंय, आकडे कशाला हवेत? असो. थंड असताना १ बारच्या जरा वर भरतो. तापल्यावर कधी बघितलं नाही. ओलं दांड्याभोवती होतं, हिरवट डाग पडलाय. लिक्विडचं नाव मात्र अजून एकानेही सांगितलेलं नाही.

नवी_दिशा
बॉयलर काढूनच टाका. हीट पंप लावा. कमी तापमानाच्या पाण्यावर चालतो, मोठे रेडिएटर किंवा जमिनीखालचं हीटिंग असेल तर फारच छान.

पाना_पक्कड
हीट पंपलाही पाइप आणि नट असतातच हो.

@गारठलेला, हिरवट डाग म्हणजे तांबं-पितळ, म्हणजे जोड किंवा व्हॉल्व्ह. रेडिएटरच्या पत्र्यावर तपकिरी ओघळ असता तर तो आतून गंजलाय समजून बदलाच म्हटलं असतं. तुमचं काम सोपं आहे. प्लॅस्टिकची टोपी काढा. दांडा जिथून बाहेर येतो तिथला लहान नट म्हणजे ग्लँड नट. तो घड्याळाच्या दिशेने अगदी किंचित, एक अष्टमांश फेरा आवळा. व्हॉल्व्हचं अंग दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर सगळा व्हॉल्व्हच फिरेल आणि खालचा जोड सैल होईल. जास्त आवळलात तर दांडा फिरणार नाही. त्यानेही थांबलं नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून नट वर घ्या, दांड्याभोवती टेफ्लॉन टेपची वळलेली दोरी गुंडाळून बारीक स्क्रूड्रायव्हरने आत दाबा आणि नट परत लावा. खाली कापड हवंच.

मोजूनमापून
पण एवढ्याशा थेंबाने काटा इतक्या लवकर उतरेल हे मला पटत नाही. वाटीत किती पाणी साठतं? आणि बॉयलरमधून घराबाहेर निघणारा एक पाइप असतो, त्याच्या तोंडाशी ओलं असतं का?

गारठलेला
वाटीचा तळ जेमतेम ओला होतो. बाहेर तांब्याचा पाइप आहे, त्याच्या खालची फरशी ओली असते. पण ती पहिल्यापासूनच ओली असते. तापल्यावरचा आकडा आत्ता बघितला, ३ ला टेकायला आलाय.

मोजूनमापून
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! तो सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप. घरगुती बॉयलरमध्ये तो सहसा ३ बारला उघडतो. १० अंशांचं पाणी ८० पर्यंत तापलं की जवळजवळ ३ टक्के फुगतं, म्हणजे सिस्टिममध्ये १०० लिटर असेल तर सुमारे ३ लिटर जास्तीचं. ते सामावायला एक्सपान्शन व्हेसल असतं, पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसरीकडे हवा. हवा कमी झाली की फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, काटा ३ वर जातो आणि पाणी बाहेर पडतं. थंड झालं की प्रेशर कमी. तुम्ही परत भरता, पुन्हा तेच. नव्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजनही आत जातो, म्हणजे गंज आणखी.

खात्रीसाठी पाइपच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी सैलसर बांधा. पिशवीत पाणी आलं की झालं.

सोपा_उपाय
म्हणजे रेडिएटरचा व्हॉल्व्ह गळत नाहीच?

मोजूनमापून
गळतोय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोठी कुठली ते आता दिसतंय. सीलंट व्हेसलमध्ये हवा भरणार नाही.

गारठलेला
नट आवळला, दांडा कोरडा आहे. पिशवीत मात्र पाणी साठलं. व्हेसलमध्ये हवा मी भरू का? सायकलचा पंप आहे.

मोजूनमापून
व्हेसल बॉयलरच्या बाहेर असेल तर भरता येते. बॉयलर बंद, सगळं थंड, पाण्याचं प्रेशर सोडून शून्यावर आणा, मगच टायरच्या गेजने मोजा. साधारण ०.७५ ते १ बार हवं, नेमका आकडा व्हेसलवरच्या पट्टीवर असतो. हवा भरायच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय, व्हेसल बदला. गॅस बॉयलरच्या आत असेल तर झाकण उघडू नका, ते काम परवानाधारकाचं. बऱ्याच बॉयलरमध्ये ते झाकणच ज्वलनाचा धूर घरात येऊ देत नाही.

गारठलेला
आतच आहे. म्हणजे शेवटी माणूस बोलवायचाच.

पाना_पक्कड
बोलावलाच आहे तर सेफ्टी व्हॉल्व्हही बघायला सांगा. एकदा उघडला की त्याच्या बसायच्या जागेवर कचरा अडकतो, मग व्हेसल ठीक झालं तरी तो टिपटिपत राहतो. आणि पाणी भरायची नळी दोन्ही बाजूंनी बंद ठेवा, सारखी थोडी उघडी ठेवून चालवू नका. गंजरोधक रसायनही पुन्हा टाकावं लागेल, इतक्यांदा पाणी भरल्यावर ते पातळ झालं असणार.

थंडोबा
इथेच विचारतो, माझा रेडिएटर खाली गरम आणि वर गार. सीलंटने जाईल का?

पाना_पक्कड
वर हवा साठलीय. हीटिंग बंद करून वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूने सोडा, मग काटा बघून पाणी भरा. आणि नवीन धागा काढा.

सोपा_उपाय
व्यक्तिगत निरोप करा, सीलंटचं नाव सांगतो.